शेवटची बारा पानं

(मंडळातल्या ज्येष्ठांच्या मासिक बैठकीत केलेलं हे भाषण. संपादकांच्या आग्रहावरून थोडं नीटनेटकं करून लिहिलं आहे. बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता 'कॉम्प्युटर आणि ज्येष्ठ नागरिक'. मी त्यांना म्हटलं, या विषयावर मी काय बोलणार? माझे बाबा सांगलीहून रोज सकाळी मला व्हॉट्सॲपवर सुविचार पाठवतात, आणि त्यांचा फोन माझ्या फोनपेक्षा नवीन आहे. तेव्हा उपदेश नको. त्यापेक्षा फेब्रुवारी २०२४ मध्ये माझा एक शनिवार-रविवार कसा गेला ते सांगतो. ज्यांच्यामुळे गेला त्या काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांनी एक अट घातली, ती शेवटी सांगेन.

आपले काका तुम्हा सगळ्यांना माहीत होते. १९७१ साली इथे मिशिगनला आले, मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यावर आठवणी लिहायला घेतल्या. एका बोटाने टाइप करायचे. आम्ही विचारायचो, "काका, कुठपर्यंत आलं?" तर म्हणायचे, "अजून मुंबईच्या विमानतळावरच आहे, व्हिसा मिळायचाय." असं पाच-सहा वर्षं चाललं. शेवटची प्रकरणं त्यांनी हॉस्पिटलमधून काकूंना तोंडी सांगितली. मार्च २०२३ मध्ये काका गेले.

पहिल्या पुण्यतिथीला पुस्तक यायचं, असं काकूंनी ठरवलं. पाच महिने त्या रोज रात्री बसून ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होत्या, काकांनी चुकीची लिहिलेली सालं दुरुस्त करत होत्या. पुण्यातला प्रेस ठरला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांची भाची पुण्याहून येणार होती, ती एका बॅगेत साठ प्रती घालून आणणार होती. प्रेसवाल्यांनी सांगितलं होतं, सोमवारी सकाळी दहाला फाइल हातात हवी. त्यानंतर मार्चअखेरची कामं लागतात, मग एप्रिलशिवाय जमणार नाही. पुण्यातला सोमवार सकाळ दहा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे रविवार रात्रीचे साडेअकरा.

शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. "अरे, ह्यांची फाइल उघडत नाहीये. वर्ड म्हणतंय, वाचता येत नाही. तू जरा येतोस का?"

आवाज अगदी शांत होता. कॉम्प्युटरच्या धंद्यात बारा वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट कळली आहे. माणूस ओरडत असेल तर त्याच्याकडे दुसरी प्रत असते. शांत बोलत असेल तर नसते.

बाहेर बर्फ पडत होता. वीस मिनिटांच्या रस्त्याला पन्नास मिनिटं लागली. काकूंनी माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. सगळं त्याच्यावरच होतं. ही सोय त्यांच्या मुलानेच करून दिली होती, "लॅपटॉप बिघडला तरी पुस्तक सुरक्षित" म्हणून. शुक्रवारी रात्री नऊ वर्षांचा नातू आला, त्याला क्रिकेटचे व्हिडिओ कॉपी करायचे होते, आणि काकू सेव्ह करत असतानाच त्याने पेनड्राइव्ह ओढला. व्हिडिओ नंतर त्याच्यावर कॉपीही केले. पोराला मी काही म्हणणार नाही. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या घरचा रेडिओ उघडला होता, तो आजतागायत बंद आहे.

मी काय केलं? पेनड्राइव्ह खिशात घातला आणि चहाही न घेता घरी आलो. ही माझी पहिली चूक. का, ते पुढे येईल.

घरी आल्यावर पहिलं काम मात्र बरोबर केलं. त्या पेनड्राइव्हची जशीच्या तशी, बिट न् बिट प्रत काढली आणि मूळ पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये ठेवला. हे तुम्हीही लक्षात ठेवा. बिघडलेल्या फाइलवर प्रयोग करायचे नाहीत, तिच्या प्रतीवर करायचे. आणि जिथून काही हरवलं आहे तिथे नवीन काही लिहायचं नाही. पुसलेली फाइल खरं तर पुसलेली नसते. तिची जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते. त्या जागेवर दुसरं कोणी येऊन बसलं की मग ती गेली. काकांच्या काही जागांवर त्या वेळी विराट कोहली बसला होता.

मग नेहमीचे उपाय. वर्डमध्ये फाइल उघडताना 'ओपन' बटणाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की 'ओपन अँड रिपेअर' असं येतं. बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं, आणि दहातल्या काही वेळा तेवढ्यावरच काम होतं. माझं झालं नाही. लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहिली. वर्ड रुसलं तरी कधीकधी ते ऐकतं. त्यानेही मान हलवली. मग फाइल किती मोठी आहे ते बघितलं. अडतीस फोटो घातलेली, चाळीस एमबीच्या आसपासची फाइल. शिल्लक होते ३८४ केबी. लिहिता लिहिता मधेच हात धरल्यासारखी ती तिथे तुटली होती.

आता थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. २००७ च्या ऑफिसपासून वर्डची फाइल 'डॉक-एक्स' झाली. ती दिसायला एक फाइल असते, पण खरं म्हणजे ती एक गाठोडं आहे. झिप फाइल म्हणतो आपण, तीच. शेवटचं डॉक-एक्स हे नाव बदलून झिप केलंत तर आत खोकी-खोकी दिसतात. एकात मजकूर, एकात फोटो, एकात अक्षरांचे आकार. कुठलीही डॉक-एक्स साध्या एडिटरमध्ये उघडलीत तर पहिली दोन अक्षरं 'पी' आणि 'के' दिसतील. फिल कॅट्झ नावाच्या माणसाने १९८९ मध्ये ही पद्धत आणली, त्याची ती आद्याक्षरं. आपले काका त्यांच्या प्रत्येक डब्यावर रंगाने नाव घालायचे ना, तसंच.

या गाठोड्याची गंमत अशी की त्याची अनुक्रमणिका शेवटी असते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाही, मलपृष्ठाच्या आत. कारण भरून झाल्याशिवाय आत काय काय गेलं हे सांगता येत नाही. म्हणून फाइल मागून तुटली की वर्ड म्हणतं, यादीच नाही तर मी उघडू काय? पण यादी नसली म्हणून सामान नाहीसं होत नाही. प्रत्येक खोक्यावर त्याची स्वतःची एक छोटी चिठ्ठीही असते. आणि वर्ड सहसा मजकुराचं खोकं अगदी सुरुवातीला भरतं, फोटो मागून. म्हणजे तुटलेल्या फाइलीत फोटो गेले असतील, पण शब्द सापडण्याची बरीच आशा होती.

मी मजकुराच्या खोक्यावरची चिठ्ठी शोधली आणि पायथनमध्ये आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, की इथून पुढे उलगडायला लाग, आणि जिथे माल संपेल तिथे न रडता थांब. ही दाबून भरलेली माहिती सुरुवातीपासूनच उलगडावी लागते. मधलं एखादं पान फाटलं तर पुढचं सगळं बहुधा वाचता येत नाही, पण तुटण्याच्या आधीचं सगळं येतं.

रात्री पावणेतीन वाजता पडद्यावर काका आले. मध्ये मध्ये कंसांची आणि खुणांची खिचडी, आणि त्यातून शुद्ध देवनागरी. काकांनी हे दहा वर्षं आधी आपल्या तेव्हाच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलं असतं तर मला निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला असता. युनिकोडचे उपकार. २०२ पानांचा मजकूर होता. शेवटचं वाक्य होतं:

"डेट्रॉइटच्या विमानतळावर ती उतरली तेव्हा तिच्या हा"

तिथे तुटलं होतं. 'हा' वर.

मग बिघडलेल्या मजकुराच्या शेवटी राहिलेल्या खुणा हाताने बंद केल्या, नाहीसे झालेल्या फोटोंचे उल्लेख काढून टाकले, एका कोऱ्या फाइलीच्या गाठोड्यात हे खोकं घातलं. वर्डने मुकाट्याने उघडलं. काकांनी डिसेंबर २०२२ मध्ये मुलाला ई-मेलने पाठवलेली एक जुनी, काकूंचा हात न लागलेली फाइल होती. तिच्यात ते विमानतळाचं पान पूर्ण सापडलं. तिच्या हातात लोणच्याची बरणी होती. काकांचं पुस्तक तिथेच संपत होतं. फोटो मुलाकडे स्कॅन केलेले होते. झालं! मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "छान," आणि कूस बदलली.

रविवारी सकाळी आठला काकूंना फोन केला. छाती फुगवून सांगितलं, की काकांचं सगळंच्या सगळं परत आलंय.

काकू खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि त्याच्यापुढचं?"

"त्याच्यापुढे काय होतं?"

"काही नाही. अकरा पानं होती. राहू दे. गेली ते बरंच झालं."

मी म्हटलं ठीक आहे, आणि फोन ठेवला. आमच्या घरात माणसांची फाइल वाचायचं काम बायकोकडे आहे. ती म्हणाली, "बरं झालं म्हणाल्या? म्हणजे ती अकरा पानं त्यांची स्वतःची होती."

पुन्हा कामाला लागलो. या वेळी पेनड्राइव्हच्या मोकळ्या जागेतून पुसलेल्या फाइली वेचणारा फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम लावला. नाव फोटोचं असलं तरी तो वर्डच्या फाइलीही शोधतो. त्याला जुन्या सात-आठ आवृत्त्या मिळाल्या, पण सगळ्यात नवी डिसेंबरची. त्यानंतरच्या फाइली तुकड्या-तुकड्याने पसरलेल्या, आणि तुकडे जुळवण्यात तो कच्चा. शिवाय मध्ये क्रिकेट. दुपारचे तीन वाजले. माझं जेवण तसंच.

बायको ताट घेऊन आली आणि तिने एक प्रश्न विचारला. ती फार्मसिस्ट आहे, कॉम्प्युटरशी तिचा संबंध वीज बिलापुरता. तिने विचारलं, "काकू लिहितात कशावर?"

मंडळी, मी दीड दिवस त्या पेनड्राइव्हची चिरफाड करत होतो. ज्या लॅपटॉपवर काकू पाच महिने लिहीत होत्या तो मी उघडूनही पाहिला नव्हता. का? कारण पेनड्राइव्हचं काम अवघड होतं, आणि अवघड काम करताना आपण हुशार वाटतो. ऑफिसात कोणी नवशिक्याने असं केलं असतं तर मी त्याला कॉन्फरन्स रूममध्ये नेऊन झापलं असतं. पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: नक्की काय झालं, क्रमाने सांगा. तो मी विचारलाच नव्हता.

चार वाजता काकूंकडे पोचलो. या वेळी चहा घेतला. म्हटलं, "काकू, शुक्रवारी रात्री काय काय झालं, एकेक सांगा."

"त्याने ते ओढलं. मग स्क्रीन पांढरट झाली, काहीच हलेना. मी बटण दाबून धरलं आणि बंद केलं."

"बरं. शनिवारी चालू केल्यावर?"

"डाव्या बाजूला काहीतरी यादी आली. मला वाटलं जाहिरात आहे. बंद केली. तर ते विचारायला लागलं, नंतर बघायचंय का. मी हो म्हटलं. नाही म्हणायला भीती वाटते रे मला."

तेव्हा मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

त्याचं असं आहे. फाइल कुठेही असो, पेनड्राइव्हवर असो नाहीतर आणखी कुठे, वर्ड तुम्हाला न सांगता दर दहा मिनिटांनी तिची एक प्रत लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवत असतं. सेटिंग बदललं नसेल तर दहा मिनिटं हा ठरलेला आकडा. तुम्ही काम नीट बंद केलंत की ती प्रत ते स्वतःच पुसून टाकतं, म्हणून ती कधी दिसत नाही. पण वर्ड अडकून पडलं, वीज गेली, कोणी बटण दाबून धरलं, तर ती तिथेच राहते. डावीकडची ती यादी म्हणजे जाहिरात नसते. ती म्हणजे, "तुमचं हे सामान माझ्याकडे राहिलंय, घेऊन जा," असा निरोप असतो. काकू शिकलेल्या पद्धतीने वागल्या असत्या, शटडाऊन करून झाकण लावून, तर काहीच उरलं नसतं कदाचित.

विंडोजच्या शोधपट्टीत पर्सेंटची खूण, ॲपडेटा, पुन्हा पर्सेंटची खूण असं टाइप केलं. मग मायक्रोसॉफ्ट, मग वर्ड. तिथे एकच फाइल होती, शेवटी 'ए-एस-डी' असलेली. वेळ, शुक्रवार रात्री नऊ बेचाळीस. उघडली. २१४ पानं. फोटोंसकट. माझा पायथन, रात्रीचे पावणेतीन, सगळं त्या एका फाइलीने निकालात काढलं. शोधायला चार मिनिटं लागली.

मी खाली खाली जात २०३ वर आलो. तिच्या हातात लोणच्याची बरणी होती. पुढच्या पानावर शीर्षक होतं, 'ह्यांनी न लिहिलेलं'. पहिल्या तीन-चार ओळी डोळ्यांखालून गेल्या, त्याला माझा इलाज नव्हता. बरणी मुंबईतच फुटली होती. हातात होती ती तेलाने भिजलेली साडीची गुंडाळी. आणि मला इथे यायचं नव्हतं, सांगलीत कॉलेजात माझी नोकरी होती, असं...

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सापडलं वाटतं."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. म्हटलं, "काकू, साडेसहा वाजलेत. मला पीडीएफ करायला, फॉन्ट आत आहेत का बघायला एक तास पुरे. साडेदहापर्यंत तुम्हाला काय ठेवायचं, काय नाही ते ठरवा. तुम्ही सांगाल ते जाईल."

"ह्यांना हे कधी सांगितलं नव्हतं मी," त्या म्हणाल्या. "एकोणपन्नास वर्षांत."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. मध्ये एकदा कीबोर्डचा आवाज आला, मग थांबला. टीव्हीवर बर्फाची बातमी चालू होती. मी मनात १९९८ साल आठवत होतो. पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने सिनेमा पुसायला लागला, आणि बॅकअप बघतात तर तो नीट चाललाच नव्हता. गॅलिन सुसमन नावाच्या बाईंचं बाळ लहान होतं, म्हणून त्या घरून काम करायच्या, आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती. ती गाडीत घालून जपून नेली. आमच्या धंद्यात ही गोष्ट देवाच्या कथेसारखी सांगतात. त्यातल्या कोणाला जर विचारलं असतं, की प्रत मिळाली आहे पण ती छापायची का, तर काय म्हणाले असते? आम्हाला हा प्रश्न कधी पडत नाही. आम्ही परत आणून देतो आणि बिल लावतो.

पावणेदहाला काकूंनी हाक मारली. "एक वाक्य काढलंय. बाकी जाऊ दे. शेवटचा परिच्छेद पण गेला होता, तो पुन्हा लिहिला. पहिल्यासारखा नाही जमला."

नऊ बेचाळीस नंतर त्यांनी जी आठेक मिनिटं लिहिलं होतं, तो तो परिच्छेद. तेवढा एक कुठूनही मिळाला नाही. मिळणार नव्हताच.

दहा पन्नासला फाइल पुण्याला गेली. साडेअकराला प्रेसवाल्यांचं उत्तर आलं: "मिळाली. पाने २१४. कागद कोणता?" पाचव्या मार्चला साठ प्रती आल्या. पुण्यतिथीला काकूंनी सगळ्यांना वाटल्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती अकरा पानं आधी वाचली आणि काकांची दोनशे तीन नंतर, हे मला माहीत आहे.

आता तुम्ही काय करायचं तेवढं सांगतो, सचिव घड्याळ दाखवताहेत. फाइल वनड्राइव्हवर ठेवलीत तर वर्ड आपोआप सेव्ह करतं आणि जुन्या आवृत्त्याही ठेवतं, 'व्हर्जन हिस्टरी'त दिसतात. नसेल ठेवायची तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्डच्या खाली 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी' आहे, त्यावर टिक करा. आणि ऑप्शन्समध्येच 'सेव्ह'च्या खाली ते दहा मिनिटं बदलून तीन करा. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने एक हिशोब रूढ केला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. पेनड्राइव्ह ही ने-आण करायची पिशवी आहे, तिजोरी नाही. काही बिघडलंच तर लॅपटॉप पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका, आणि मला फोन करताना काय झालं ते पहिल्यापासून सांगा. मी विचारलं नाही तरी सांगा.

राहिली काकूंची अट. त्यांनी काढलेलं ते एक वाक्य कोणतं, हे मी सांगायचं नाही. काकू, मला ते माहीत नाही. ती नऊ बेचाळीसची फाइल माझ्याकडे अजून आहे, पुसायला हात होत नाही. छापलेली पण आहे. दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवायची सोय वर्डमध्ये आहे, 'कंपेअर' म्हणतात. दोन क्लिक लागतात. मी ते केलेले नाहीत. फाइल हवी असेल तर आज चहाच्या वेळी घेऊन जा, पेनड्राइव्ह आणलाय. नको असेल तर तुमच्यासमोर पुसतो.